इसाराआधी वारस, भावाआधी कागद
बुलढाणा जिल्ह्यातल्या जुन्या वस्तीत घर घेताना

बुलढाणा शहरात विष्णुवाडी, चैतन्यवाडी, सुवर्णनगर अशा बसलेल्या वस्तीत एखादं घर विकायला निघालं, तर त्याची जाहिरात सहसा येत नाही. घरमालक शेजाऱ्याच्या कानावर घालतो, शेजारी आपल्या साडूला सांगतो, आणि आठ-पंधरा दिवसांत एका घरामागे चार गिऱ्हाइकं लागतात. खामगाव, चिखली, मलकापूर इथेही तेच. शेगावात तर मंदिराच्या आसपासच्या घरावर राहायला येणाऱ्यांइतकीच लॉज आणि दुकान काढणाऱ्यांची नजर असते. घर शोधणाऱ्या कुटुंबावर मग एकच दडपण येतं: आज इसार दिला नाही, तर उद्या घर हातचं जाईल. या घाईत केलेला सौदा पुढे दिवाणी न्यायालयात अडकला, तर आयुष्यभराची पुंजी त्यात अडकते आणि मुलंबाळं मात्र भाड्याच्याच घरात राहतात.

चढाओढ खरी आहे, ती टळणार नाही. पण तिच्यात टिकायचं ते भाव वाढवून नव्हे, आधीपासून तयारी ठेवून. ही तयारी म्हणजे नेमकं काय, ते या लेखात क्रमाने पाहू.

जुन्या वस्तीची ओढ

आपल्याकडे जिल्ह्याचे सरळ दोन भाग मानतात: घाटावरचा आणि घाटाखालचा. अजिंठ्याच्या डोंगररांगेवर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा. खाली पूर्णेच्या खोऱ्यात मलकापूर, नांदुरा, शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद. जिल्ह्याचं ठाणं इंग्रज अमदानीतच घाटावरच्या थंड हवेत आलं. कचेऱ्या, न्यायालय, जिल्हा परिषद, शाळा आणि दवाखाने त्याच्याभोवती वाढले. खामगावची गोष्ट कापसाची. १८७० साली जलंबहून खामगावपर्यंत रेल्वे आली, तेव्हा ही वऱ्हाडातली नावाजलेली कापूसपेठ होती. पेठेभोवतीच्या आळ्या त्या काळापासून भरत गेल्या.

आज खेड्यातलं कुटुंब शेती कायम ठेवून मुलांच्या शिक्षणासाठी तालुक्याला किंवा जिल्ह्याला बिऱ्हाड करतं. नोकरदार माणूस निवृत्तीआधी हक्काचं घर पाहतो. दोघांनाही शाळा, दवाखाना आणि बाजार पायी गाठता येईल अशी जागा हवी असते, आणि जुन्या वस्तीत नवी जागा तयार होत नाही. शहराबाहेरच्या ले-आउटमध्ये प्लॉट मिळतात, पण रस्ता, नाली आणि नळ यायला वर्षं जातात. शिवाय शेत तोडून पाडलेल्या गुंठा-दोन गुंठ्यांच्या तुकड्यांनी अनेकांना पोळलं आहे. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यावर बोट ठेवून १२ जुलै २०२१ च्या परिपत्रकाने अशा तुकड्यांची दस्तनोंदणी थांबवली. मे २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ते परिपत्रक रद्द केलं. या ओढाताणीत ज्यांचे पैसे अडकले, त्यांना जुन्या वस्तीतलं घर जास्त भरवशाचं वाटणं स्वाभाविक आहे. मात्र नव्या प्लॉटची अडचण जशी बहुधा परवानगीत असते, तशी जुन्या घराची अडचण बहुधा वारसांत असते. म्हणून सुरुवात तिथूनच करायला हवी.

घर कोणाकोणाचं?

समजा, घर आजोबांनी बांधलेलं आहे. कागदावर दोन भावांची नावं आहेत, विकायला दोघेही तयार आहेत. पण त्यांच्या दोन बहिणी, एक जालन्याला दिलेली आणि एक पुण्यात नोकरीला, कुठेच दिसत नाहीत. व्यवहार इथेच थांबवून चौकशी केली पाहिजे.

हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ चा. मृत्युपत्र न करता वारलेल्या माणसाच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलगा, मुलगी, विधवा पत्नी आणि आई यांना तो सारखा वाटा देतो. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मतः हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ मध्ये केली, आणि देशभरासाठी तशीच दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली. त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात ११ ऑगस्ट २०२० रोजी दिला. मुस्लिम कुटुंबांना हा कायदा लागू नाही, पण त्यांच्या वैयक्तिक कायद्यातही मुलीचा वाटा ठरलेला आहेच. नगरपरिषदेच्या करपावतीवर फक्त भावांची नावं असली, म्हणून बहिणीचा हक्क जात नाही.

बहिणीने हक्क सोडला असेल, तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवं. साध्या कागदावर घेतलेली सही किंवा नोटरीचं प्रतिज्ञापत्र पुरत नाही. त्याहून चांगला रस्ता म्हणजे सगळ्या वारसांनी खरेदीखतात लिहून देणार म्हणून सही करावी आणि प्रत्येकाच्या वाट्याची रक्कम त्याच्या किंवा तिच्या बँक खात्यात थेट जमा व्हावी. यात घेणाऱ्याचं हित आहे आणि न्यायही आहे. ज्या घरात ती लहानाची मोठी झाली, त्या घराची किंमत बहिणीपर्यंत पोहोचणं हे उपकार नव्हेत, तो तिचा हक्क आहे. वारसांत कोणी अज्ञान असेल, तर त्याचा हिस्सा आईवडिलांनाही सहसा न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही.

एका भावाचाच हिस्सा स्वस्तात मिळतोय म्हणून घेणारे असतात. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं (१८८२) कलम ४४ त्यांनी वाचावं. अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा बाहेरच्या माणसाने घेतला, तरी त्याला त्या घरात एकत्र ताबा मागता येत नाही. त्याला वाटपाचा दावा लावावा लागतो, आणि दावा लावला की १८९३ च्या विभाजन कायद्यानुसार घरचे लोक त्याचा हिस्सा न्यायालयाने ठरवलेल्या किमतीला विकत मागू शकतात. म्हणजे पैसे अडकले, वर्षं गेली आणि घर पुन्हा त्यांचंच.

आखीव पत्रिका ओळीओळीने

शेतीला जसा सातबारा, तशी नगरभूमापन झालेल्या शहरातल्या जागेला मिळकत पत्रिका. विदर्भात तिला आखीव पत्रिका म्हणतात. भूमि अभिलेख खात्याची ही पत्रिका ऑनलाइनही मिळते. ती हातात आली की नुसतं मालकाचं नाव पाहून घडी घालू नका.

सगळ्यात वर शीट क्रमांक, भूखंड क्रमांक आणि क्षेत्र असतं. क्षेत्र चौरस मीटरमध्ये असतं आणि सौदा चौरस फुटात ठरतो. एक चौरस मीटर म्हणजे सुमारे १०.७६ चौरस फूट. विकणारा दीड हजार फूट सांगत असेल, तर पत्रिकेवर १३९ च्या आसपास आकडा हवा. तिथे १२० दिसलं, तर उरलेले दोनशे फूट बहुधा बोळात किंवा शेजाऱ्याच्या हद्दीत आहेत.

मग येतो धारणाधिकार. जागा खासगी मालकीची आहे की सरकारने पट्ट्याने दिलेली, ते इथे कळतं. नागपूर आणि अमरावती विभागांतल्या शहरांत नझूल जागा बऱ्याच आहेत, आणि बुलढाणा अमरावती विभागात येतं. नझूल पट्ट्यावरच्या घरात इमारत विकणाऱ्याची असली, तरी जमीन सरकारची असते. पट्ट्याची मुदत संपली आहे का, भुईभाडं भरलं आहे का, हस्तांतराची परवानगी घेतली आहे का, हे पाहावं लागतं. अशा जमिनी मालकी हक्काने करून देण्याच्या योजना सरकारने आणल्या आहेत. आज काय दर आणि काय मुदत आहे, ते नझूल शाखेत विचारून घ्यावं आणि तो खर्च कोण करणार, हे सौद्यातच लिहावं.

त्याखाली सुविधाधिकार, हक्काचा मूळ धारक, पट्टेदार, इतर भार आणि इतर शेरे असे रकाने आहेत. शेजाऱ्याला आपल्या बोळातून जाण्याचा हक्क असेल, तर त्याची नोंद सुविधाधिकारात सापडू शकते. बँकेचा बोजा इतर भारात दिसतो. खालच्या तक्त्यात तारीखवार व्यवहार असतात. नव्या नावापुढे कंसात ‘धा’ असेल तर धारक, ‘प’ म्हणजे पट्टेदार आणि ‘भा’ म्हणजे भार. ही साखळी मूळ धारकापासून आजच्या विकणाऱ्यापर्यंत तुटता कामा नये. मधल्या एखाद्या पिढीत वडील गेले आणि थेट एकाच मुलाचं नाव लागलं असेल, तर बाकीच्या वारसांचं काय झालं, ते विचारा.

पत्रिकेवर किंवा फेरफारात नाव असणं म्हणजे मालकी सिद्ध होणं नव्हे, हे न्यायालयांनी वारंवार सांगितलं आहे. मालकी सिद्ध होते ती दस्तांवरून. म्हणून वकिलाकडून निदान तीस वर्षांचा शोध अहवाल घ्यावा आणि नोंदणी कार्यालयातले सूची क्रमांक दोनचे उतारे पाहावेत. तीस वर्षं यासाठी की गहाण सोडवून घेण्याच्या दाव्याची मुदत तेवढी आहे. वऱ्हाडात फार जुनी खतं मोडी लिपीतही सापडतात, ती जाणकाराकडून वाचून घ्यावीत. मूळ खरेदीखत प्रत्यक्ष पाहायला मागा, झेरॉक्सवर भागवू नका. मूळ कागद ठेवून कर्ज घेतल्याची सूचना नोंदवणं महाराष्ट्रात एप्रिल २०१३ पासून सक्तीचं झालं. त्याआधीचं गहाण शोधात दिसेलच असं नाही. हा पतसंस्थांचा जिल्हा आहे, बुलढाणा अर्बनसारखी मोठी पतसंस्था १९८६ साली इथेच सुरू झाली. म्हणून बँकेबरोबर पतसंस्थेचाही बेबाकी दाखला मागावा.

हद्दीपलीकडची घरं

बुलढाण्याला लागून सुंदरखेड आणि सागवान, खामगावला लागून सुटाळा आणि घाटपुरी. वस्ती सलग दिसते, पण कारभार ग्रामपंचायतीचा. अशा घराचा ग्रामपंचायतीतला कागद म्हणजे नमुना ८, तो कर आकारणीचा उतारा आहे. शेतजमिनीच्या खात्याचा गाव नमुना ८-अ वेगळा, तो तलाठ्याकडचा. घराचा नमुना ८ कर कोण भरतं एवढंच सांगतो, त्यावरून मालकी ठरत नाही. जागा अकृषक झाली आहे का, ले-आउट मंजूर आहे का, की ती मूळ गावठाणातली आहे, हे वेगळं पाहावं. एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका दिल्या जात आहेत. त्या गावाची मोजणी झाली असेल, तर पत्रिका जरूर मागा.

भाडेकरू, भिंत आणि रस्ता

जुन्या घराच्या ओसरीत दुकान असतं, मागच्या दोन खोल्यांत बिऱ्हाड असतं. घर विकलं म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही. विदर्भात आधी १९४९ चा मध्यप्रांत व वऱ्हाडचा भाडेनियंत्रण आदेश होता, ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा आहे. ‘खरेदी झाली की काढून देतो’ हे विकणाऱ्याचं तोंडी आश्वासन कामाचं नाही. रिकामा ताबा आधी, शेवटचा हप्ता नंतर.

सामायिक भिंत कोणाची, सांडपाणी कोणाच्या दारातून जातं, आड दोघांत आहे का, हे शेजाऱ्याशी बसून विचारा. चतुःसीमा कागदावर आणि जागेवर जुळल्या पाहिजेत. शंका असेल, तर भूमि अभिलेखाकडून हद्द कायम मोजणी करून घ्यावी.

नगरपरिषदेत विकास योजनेचा भाग नकाशा मागा. घराच्या पुढच्या दहा फुटांवर रस्तारुंदीची रेषा असेल, तर तुम्ही घेताय त्यातलं एक दालन उद्या रस्त्यात जाईल. शेगावात २०१० च्या समाधी शताब्दीच्या सुमारास हाती घेतलेल्या विकास आराखड्यात मंदिराभोवतीची जुनी वस्ती कशी बदलली, ते जिल्ह्याने पाहिलं आहे. लोणारला आणखी एक गोष्ट. दैत्यसूदन मंदिरासारख्या केंद्र संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आहे, आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. जुनं घर पाडून नवं बांधायच्या बेताने तिथे घर घेणार असाल, तर आधी फीत लावून अंतर मोजा.

माती आणि पाणी

घाटावर पाया बहुधा मुरमात किंवा खडकात जातो. घाटाखाली काळी कापसाची माती आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि उथळ पायाचं घर तिच्याबरोबर हलतं. भिंती पाहताना दारा-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरपी निघालेली भेग शोधा. केसाएवढी आडवी-उभी चीर गिलाव्याची असू शकते. तिरपी, एका टोकाला रुंद होत गेलेली आणि आतबाहेर दोन्हीकडे दिसणारी भेग बहुधा पायाची असते. नुकताच रंग दिला असेल, तर दारं लावून पाहा. चौकट घासत असेल, तर भिंत हलली असू शकते. मातीच्या धाब्याच्या घरात तुळया आणि खांब ठोकून वाळवी पाहावी. जमलं तर घर एकदा भर पावसात पाहावं. जुलै २०२३ च्या अतिवृष्टीने संग्रामपूर, जळगाव जामोद भागात पाणी कुठवर चढतं, ते दाखवून दिलं आहे. त्या भागात आळीतल्या जुन्या माणसांना खूण विचारा.

बुलढाणा शहर पैनगंगेवरच्या येळगाव धरणाचं पाणी पितं. त्या आळीत नळ किती दिवसांनी येतो आणि पाण्याला जोर किती असतो, हे शेजारणी नेमकं सांगतील. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात घरच्या बोअरचं पाणी पिण्याजोगं असेलच असं नाही. ‘घरात बोअर आहे’ म्हणून भाव वाढवला असेल, तर आधी पाणी तपासून घ्या.

पैशाचं गणित

घर पाहायला निघण्याआधी बँकेकडून कर्जाची पूर्वमंजुरी घ्यावी. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के, आणि त्यापुढे ७५ लाखांपर्यंत ८० टक्के रक्कम मिळू शकते. ही किंमत बँकेच्या मूल्यांककाने ठरवलेली असते, चढाओढीत तुम्ही कबूल केलेली नव्हे. मधला फरक खिशातून जातो. मुद्रांक शुल्क आणि एक टक्का नोंदणी फी, जी ३० हजारांपर्यंत मर्यादित आहे, तीही बहुधा खिशातूनच.

शुल्क आकारलं जातं ते वार्षिक मूल्यदर तक्त्यातली किंमत आणि सौद्याची किंमत यांतल्या मोठ्या आकड्यावर. घर फक्त महिलेच्या नावावर घेतलं, तर १ एप्रिल २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. असं घर पंधरा वर्षं पुरुषाला न विकण्याची अट २०२३ मध्ये काढली गेली. घर आईच्या किंवा पत्नीच्या नावावर करण्याचं हे एक चांगलं निमित्त आहे.

भावाचा अंदाज दलालाच्या बोलण्यावरून बांधू नये. त्याच आळीत गेल्या दोन-तीन वर्षांत नोंदलेल्या खरेद्या नोंदणी विभागाच्या शोधात सापडतात. त्या, मूल्यदर तक्ता आणि बँकेचं मूल्यांकन, हे तिन्ही आकडे समोर ठेवून घरात बसून आपली शेवटची मर्यादा ठरवा. ती ओलांडावी लागली, तर ते घर सोडा.

‘अर्धे वर, अर्धे खाली’, म्हणजे काही रक्कम कागदावर आणि काही रोखीत, हा आग्रह धुडकावा. स्थावराच्या व्यवहारात २० हजार रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घ्यायला १ जून २०१५ पासून बंदी आहे, आणि ती रोख स्वीकारणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. शिवाय सौदा फिसकटला, तर रोख दिलेले पैसे सिद्ध करता येत नाहीत.

इसार कसा द्यावा

साध्या इसारपावतीने घरात कोणताही हक्क निर्माण होत नाही, कायद्याने तो केवळ विक्रीचा करार आहे. मुखत्यारपत्रावर केलेल्या ‘विक्री’नेही मालकी येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केलं आहे. इसार लहान ठेवा आणि तो बँकेतून द्या. पावतीवर सगळ्या वारसांच्या सह्या घ्या. तीन अटी मात्र लिहूनच घ्या: हक्कात दोष निघाला तर पूर्ण रक्कम परत, रिकामा ताबा, आणि खरेदीची ठरलेली तारीख. रक्कम मोठी असेल, तर नोंदणीकृत साठेखत करावं. मग वकिलामार्फत स्थानिक दैनिकात जाहीर नोटीस द्यावी. पंधरा दिवसांत कोणी हरकत घेतली, तर ती खरेदीआधीच समोर आलेली बरी.

दुसरं गिऱ्हाईक लाखभर जास्त देत असेल, तरी विकणाऱ्याला पैशाइतकीच निश्चितीही हवी असते. पूर्वमंजुरी हातात असलेला, पंधरा दिवसांत कागद तपासून महिनाभरात खरेदी करणारा, विकणाऱ्याच्या मुलांच्या परीक्षा होईपर्यंत त्यांना घरात राहू देणारा आणि बहिणींच्या वाट्याची अडचण स्वतःच्या वकिलाकडून मोकळी करून देणारा घेणारा नुसता भाव वाढवणाऱ्यापेक्षा भरवशाचा वाटतो.

खरेदी झाली की काम संपत नाही. आखीव पत्रिकेवर फेरफार, नगरपरिषदेत नामांतर, महावितरणच्या आणि नळाच्या जोडणीवरची नावं, हे सगळं त्याच महिन्यात अर्ज करून मार्गी लावा. मूळ खरेदीखत आणि शोध अहवाल मुलांना माहीत असेल अशा जागी ठेवा.

बुलढाण्यात, खामगावात किंवा शेगावात घर शोधणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला आग्रहाने सांगणं एवढंच: दलालाला फोन करण्याआधी वकील ठरवा, भाव विचारण्याआधी आखीव पत्रिका मागा, आणि विकणाऱ्या घरातल्या प्रत्येक वारसाची, विशेषतः प्रत्येक बहिणीची, संमती हातात आल्याशिवाय इसाराचा रुपयाही देऊ नका. हे करताना एखादं घर हातचं गेलं, तरी तुमची पुंजी तुमच्याजवळच राहते.